खानापूरच्या पावसातली शाळा: पाडायच्या आधी माळ्यावर चढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडचं गाव, सरकारी मराठी प्राथमिक शाळा. दोन खोल्या, पुढं पडवी, जांभ्याच्या भिंती, वर कौलं. बांधकाम १९५६ च्या आधीचं, म्हणजे बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता तेव्हाचं. माजी विद्यार्थ्यांनी पैसे जमवलेत आणि एसडीएमसीत, म्हणजे शाळेच्या विकास समितीत, दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, पाडा आणि स्लॅब घाला. दुसऱ्याचं म्हणणं, काहीतरी पर्यावरणपूरक करू, मातीच्या विटा, बांबूचं छप्पर, सोलर. तुम्ही अध्यक्ष म्हणून मधे सापडलात आणि विचारताय, यातलं खरं पर्यावरणपूरक कोणतं?

पंचवीस वर्षं मी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात बांधकामं करतोय, त्यात शाळा बऱ्याच. माझं उत्तर दोन्ही तटांना आवडणार नाही. तुमच्याकडची सगळ्यात पर्यावरणपूरक इमारत आज उभीच आहे. तिची दुरुस्ती करा. आणखी खोली लागत असेल तर शेजारी एक बांधा, पण ती गावातल्या गवंड्याला आणि सुताराला पुढं दुरुस्त करता येईल अशीच बांधा.

हे मी जुन्याच्या प्रेमापोटी म्हणत नाही. एक टन सिमेंट बनताना अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यात लोखंड, भट्टीची वीट, वाळूचे ट्रक मिळवा. तुमच्या भिंतींचा तो खर्च सत्तर वर्षांपूर्वी होऊन गेलाय, तोही बैलगाडीनं. त्या पाडून मलबा ओढ्यात ढकलायचा आणि नव्या भिंतीला 'ग्रीन' रंग द्यायचा, यात पर्यावरण कुठं आलं?

दुसरं कारण कागदाचं. पाडायची परवानगी मिळते, नवीन खोली मंजूर व्हायला वेळ लागतो, आणि मधल्या काळात पोरं देवळात बसतात. पट कमी असलेल्या शाळेला हा मधला काळ फार महागात पडतो. देवळात बसलेली शाळा परत आपल्या जागेवर आलीच नाही, असं मी पाहिलंय. तेव्हा नव्याची भिंत उभी राहिल्याशिवाय जुन्याचं कौल हलवू नका.

आता तपासणी. बीईओ ऑफिसमधून, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याकडून, कुणी येऊन 'शिथिल' (कन्नडमध्ये मोडकळीला आलेली) लिहून गेलं असेल तर त्यानं बहुतेक खालूनच बघितलं असणार. जांभ्याची भिंत सहसा आधी मरत नाही, छपराचं लाकूड आधी मरतं. तेही मधे नाही, टोकाला, कैचीचं, म्हणजे छपर पेलणाऱ्या तिकोनी लाकडी सांगाड्याचं, टोक भिंतीत जिथं बसतं तिथं. एक फुटकं कौल, त्यातून वर्षानुवर्षं झिरपणारं पाणी, ओलं लाकूड, मग वाळवी. म्हणून शिडी लावून माळ्यावर चढा. जाड स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि प्रत्येक टोकाला दाबून बघा. चांगल्या सागाला किंवा किंदळाला नुसता ओरखडा उठेल. कुजलेल्यात तो दोन बोटं आत जाईल, बाहेर काढला की तपकिरी भुसा येईल आणि ओल्या पोत्याचा वास. अशी टोकं मोजा. आठ कैच्यांमधली दोन-तीन टोकं गेली असतील तर इमारत गेली असं होत नाही. तेवढा भाग कापून नवीन लाकडाचा जोड बोल्ट-पट्ट्यांनी आवळता येतो, किंवा खाली लोखंडी ब्रॅकेट देता येतं. गावातला सुतार हे करतो. मी करून घेतलंय.

भिंतीला ओळंबा सोडा. दहा फुटांत इंचापेक्षा जास्त कललेली भिंत मला झोप लागू देत नाही, त्याआत असेल तर बोलता येतं. भेग दिसली की घाबरू नका, ती जिवंत आहे का ते बघा. भेगेवर आडवी काचपट्टी सिमेंटनं चिकटवा आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहा. एक पावसाळा जाऊ द्या. काच तडकली तर पाया हलतोय. नाही तडकली तर ती तुमच्या आज्याच्या वेळची भेग आहे, चुन्यानं भरा आणि विसरा.

जांभ्याची भिंत मातीत किंवा चुन्यात बांधलेली असेल तर तिच्यावर आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा मारू नका. हे मी हात जोडून सांगतो. जांभ्याचा चिरा पाणी पितो आणि वारा लागला की सोडतो. सिमेंटनं तोंड बांधलं की ओल आत अडकते, तीन-चार पावसाळ्यांत गिलावा पापडासारखा सुटतो आणि त्याबरोबर चिऱ्याची कातडीही येते. चिऱ्यांमधल्या सांधी खरवडून चुन्याच्या मालानं भरायच्या, आतून चुन्याची सफेदी. पांढरी चुन्याची भिंत खोलीत उजेड फेकते, हा फायदा वेगळाच.

छपराकडं येतो, कारण तुमच्या भागात शाळेची इमारत म्हणजे मुळात छप्परच. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर जो पाऊस असतो त्यात सपाट स्लॅब घालणं मला कधीच पटलं नाही. पाच-सात वर्षांत स्लॅब गळतो, मग त्यावर अँगल उभे करून पत्रा चढतो. खानापूर ते लोंढा रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंना बघा, किती स्लॅबांवर पत्र्याची टोपी आहे. म्हणजे एकाच खोलीला दोन छपरांचा खर्च, आणि तरी खालचा स्लॅब गंजलेलाच.

नुसता पत्रा घालावा, तर जुलैत वर्गात उभं राहून बघा. पावसाची सर आली की मास्तर बोलणं थांबवतात आणि फळ्यावर लिहायला लागतात. सर थांबते, दोन वाक्यं होतात, परत सर. असे दिवसच्या दिवस जातात. वर्ग थंड ठेवायच्या गप्पा सगळे मारतात, पण कर्नाटकात एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मे अखेरपर्यंत शाळा बंद असते. सगळ्यात कडक ऊन रिकाम्या खोलीवर पडतं. खानापूर भागात पोरांना छळतो तो पावसाळा: अंधार, ओल आणि आवाज. तुमच्या खोलीची परीक्षा जुलैत आहे, मे महिन्यात नाही. बाहेरून आलेल्या डिझाइनरांच्या चित्रात हे कधीच नसतं, कारण ते येतात डिसेंबरात.

म्हणून कौल. मंगळुरी कौलाचा कारखाना बासेल मिशननं मंगळुरात १८६५ साली काढला, आणि तेव्हापासून या पावसाला त्याहून चांगलं उत्तर मला तरी दिसलेलं नाही. खानापूरची माती तर कौलं, विटा आणि मडक्यांसाठी पूर्वीपासून नावाजलेली, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही तिथंच आहे. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौलं लागतात. उतार तीस अंशांच्या खाली आणू नका. उतार कमी केला की लाकूड वाचतं, पण वाऱ्यानं पाणी कौलाच्या चोचीखालून उलटं चढतं.

कौलाविरुद्ध एकच खरी तक्रार आहे, वानरं. 'साहेब, कौलं बदलून बदलून हात दुखले, म्हणून पत्रा घातला,' असं दर गावात ऐकतो, आणि तक्रार खोटी नाही. याला मी करतो ते असं: रिपांखाली साधा पातळ पत्रा, त्यावर उताराच्या दिशेनं उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या रिपा आणि वर कौलं. पावसाचा मार कौल खातं, त्यामुळं पत्रा वाजत नाही. वानरानं कौल फोडलं तरी पाणी पत्र्यावरून खाली जातं आणि तुम्ही ते कौल दिवाळीत निवांत बदलता. कौल आणि पत्रा यांच्यामधली हवा उन्हाळ्यात गरम होऊन आढ्यातून निघून जाते, तेवढं आढं बंद करू नका. जुनी कौलं उतरवताना एकेक बोटानं वाजवून बघा. खणखणीत वाजलं ते परत वापरा. भद्द वाजलं ते बाजूला, त्याचा चुरा पडवीच्या भरावाला चालतो.

जुन्या छपरात कुठं सिमेंटचा करड्या रंगाचा पत्रा असेल तर तो बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचा. तो फोडायचा नाही, कापायचा नाही. ओला करून, तोंडाला मास्क बांधून अख्खाच्या अख्खा उतरवायचा. पोरांना त्या दिवशी आवारात येऊ देऊ नका.

आता नवीन खोली. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. आपल्याकडं पाऊस पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून झोडतो, तेव्हा पश्चिमेला खोलीची अरुंद बाजू यावी आणि तिथं खिडकी नको. खिडक्या उत्तर-दक्षिण, समोरासमोर. दक्षिणेला सहा फुटांची पडवी. तिच्यामुळं झड आत येत नाही, हिवाळ्यातलं तिरकं ऊनही अडतं आणि पावसात पोरांना डबा खायला जागा मिळते. उत्तरेला छज्जा नको असं पुस्तकी ज्ञान कुणी सांगेल. पण बेळगाव सोळा अक्षांशाच्या जरा खाली आहे. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. ढगांमुळं तो दिसत नाही म्हणून जाणवत नाही इतकंच, तेव्हा दोन फूट छज्जा द्या.

फळा पश्चिमेच्या बंद भिंतीवर येईल. मग पोरांच्या डाव्या हाताला दक्षिण, उजव्या हाताला उत्तर. बहुतेक मुलं उजव्या हातानं लिहितात, म्हणून डाव्या बाजूच्या खिडक्या मोठ्या हव्यात, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली वहीवर पडते. पण डावीकडं पडवी आहे, ती उजेड खाते. म्हणून पडवीचं छप्पर थोडं खाली घेऊन वरच्या भिंतीत काचेचे झरोके द्या, आणि मुख्य छपरात चार-सहा काचेची कौलं बसवा. वर्गात वाचायला ३०० लक्स उजेड धरतात. ते मोजायला यंत्र नको. जुलैच्या दुपारी दिवा न लावता शेवटच्या बाकावर बसून पाठ्यपुस्तकातली तळटीप वाचता आली की झालं.

भिंतीसाठी दोन पर्याय. जवळ, म्हणजे दहा-पंधरा किलोमीटरच्या आत परवान्याची खाण असेल तर जांभाच घ्या. लांबून ट्रकनं येणारा चिरा पर्यावरणपूरक राहत नाही, आणि पठारावरची खाण म्हणजे तिथलं गवत आणि झरे गेले हेही लक्षात असू द्या. दुसरा पर्याय दाबलेल्या मातीच्या विटा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये 'अस्त्र' नावाचं ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र निघालं. तिथं हातानं दाबायचं यंत्र आणि या विटेचं शास्त्र घडलं. मातीत पाच ते आठ टक्के सिमेंट मिसळायचं, यंत्रात दाबायचं, सावलीत रचून तीन-चार आठवडे पाणी मारायचं. भट्टी नाही, लाकूड जाळणं नाही.

पहिल्यांदा हे करायला घेतलं तेव्हा माझा गवंडी विटेकडं बघून म्हणाला, 'काय ओ साहेब, भेंड्याचीच भिंत घालायची तर आमचा आजा काय वाईट घालत हुता?' त्याचं अर्धं बरोबर होतं. भेंडा म्हणजे कच्ची वीट, हा तिचाच शिकलेला नातू. पण नातवालाही माती चांगली लागते. खानापूरच्या ज्या मातीची कौलं उत्तम होतात, तिच्यात चिकणमाती जास्त. ती तशीच दाबली की वाळताना वीट तडकते. लोणच्याच्या बरणीत एक तृतीयांश माती घाला, वर पाणी आणि चिमूटभर मीठ, जोरात हलवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाला वाळू, मधे गाळ, वर चिकणमाती असे थर दिसतील. वाळू निम्म्याहून बरीच जास्त हवी. कमी असेल तर क्रशरची भुकटी मिसळायची. काळी माती असेल तर हा विषय सोडूनच द्या.

आता माझी चूक सांगतो. वीस वर्षांपूर्वी जांबोटी भागात एका वर्गखोलीला मी या विटांची उघडी भिंत ठेवली. गिलावा नाही, तांबडी सुंदर भिंत, फोटोला एक नंबर. छपराची पाखं मात्र दीड फूटच बाहेर काढली, कारण खर्च वाचवायचा होता. दुसऱ्या पावसाळ्यात पश्चिमेच्या कोपऱ्यावर शेवाळ धरलं, तिसऱ्या वर्षी खालच्या चार थरांचे कोपरे बोटानं सुटायला लागले. जमिनीवर पडलेली पागोळी उसळून त्याच थरांना मारत होती. शेजारच्या म्हातारीच्या मातीच्या घराला काही झालं नव्हतं, कारण तिची पाखं तीन फूट बाहेर होती आणि पश्चिमेला पावसाळ्यात गवताचा कूड बांधलेला असायचा. ते घर मी रोज बघत होतो. तेव्हापासून माझा नियम असा: जोतं दोन फूट उंच आणि दगडाचं, पाखं तीन फूट, पागोळी पडते तिथं खडीचा चर, आणि पश्चिमेची भिंत एक तर जांभ्याची किंवा चुन्याचा गिलावा दिलेली.

सुरक्षिततेत मात्र काटकसर नको. आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत बेळगाव भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये आहे. कोयनेचा १९६७ चा धक्का आपल्या आज्यांना आठवत होता, आणि ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिथं माणसं मारली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि वरच्या माळवदाच्या वजनानं. भिंती एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या. तेव्हा नव्या खोलीला खिडक्यांच्या डोक्यावरून चारी बाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा हवाच. फक्त खिडकीपुरता लिंटल नको, पूर्ण कंबरपट्टा. कैचीखालीही एक. जुन्या खोल्यांनाही हा पट्टा नंतर देता येतो: भिंतीच्या दोन्ही अंगांना वेल्डमेशची फूटभर रुंदीची जाळी, आरपार सळ्यांनी बांधलेली, वर सिमेंटचा माल. जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चालेल अशी ही एकच जागा.

बांबूचं छप्पर सुचवणाऱ्यांना एकच आठवण द्या. १६ जुलै २००४ ला कुंभकोणमच्या शाळेत झापांच्या छपरानं पेट घेतला आणि ९४ मुलं गेली. प्रक्रिया केलेला बांबू वाईट नाही. पडवीला वापरा, कुंपणाला वापरा. पण वर्गावर पेटू शकणारं छप्पर, खाली स्वयंपाकाची भिंत लागून, असं करू नका. अक्षरदासोहची, म्हणजे दुपारच्या जेवणाच्या स्वयंपाकाची, खोली वर्गापासून सुटी ठेवा, आणि प्रत्येक वर्गाला बाहेर उघडणारी दोन दारं.

सोलरबद्दल थोडक्यात. एक किलोवॅटला शंभर चौरस फूट जागा लागते आणि चांगल्या उन्हात दिवसाला चारेक युनिट मिळतात. तुमच्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे दिवे लागतात तेव्हाच, ते निम्म्याखाली येतं, आणि सगळ्यात जास्त वीज बनते तेव्हा शाळेला सुट्टी. बॅटरीचा सेट तर घेऊच नका. बदलायला पैसे कुणी देत नाही, चार वर्षांत कोपऱ्यात धूळ खातो. घ्यायचं असेल तर हेस्कॉम या वीज कंपनीचं नेट मीटर (जादा वीज कंपनीला देऊन बिलात वळती करणारं) लावून, आणि तेही छप्पर नीट झाल्यावर.

त्यापेक्षा पन्हाळीला पैसे घाला. एका चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या छपरावरून हजार मिलिमीटर पावसात लाख लिटर येतं, सांडलवंड धरून ऐंशी हजार. एवढं साठवू नका, दहा हजारांची टाकी बांधा. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायला तोटी ठेवा आणि बाकीचं विहिरीजवळच्या खड्ड्यात मुरवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळेच्या संडासाला पाणी नसतं आणि मोठ्या मुली त्या महिन्यांत घरी राहतात, तिथं हे पाणी उपयोगी पडतं.

चिकोडी, निपाणी, अथणीकडचे कुणी हे वाचत असतील तर यातलं निम्मं तुमच्यासाठी नाही. तिकडं काळी माती फुगते-आकसते, सगळा पैसा पायात जातो आणि छळ खरंच फेब्रुवारी-मार्चच्या उन्हाचा आहे. अथणीत पाऊस इतका कमी की सपाट छप्पर चालतं. तिथं काँक्रीटच्या खालच्या भागात कौलं भरून केलेला फिलर स्लॅब चांगला, काँक्रीट वाचतं. तो लॉरी बेकरनी केरळात रुजवला, पण सळ्यांचं गणित इंजिनिअरकडूनच करून घ्या. गवंड्याच्या अंदाजावर तो घालू नये.

शेवटी वेळापत्रक. आपल्याकडं वळीव एप्रिलमध्येच येतो, त्यामुळं 'सुट्टीत सगळं करू' म्हणणारा फसतो. विटा नोव्हेंबर-डिसेंबरात पाडा. नव्या खोलीच्या भिंती मार्चपर्यंत वर आणा. सुताराचं जोडकाम छप्पर न उघडता आतूनच होतं, ते जानेवारीत उरका. कौलं उतरवायची ती सुट्टी लागल्यावर, एका वेळी एकच खोली, आणि ताडपत्री आधी आणून ठेवल्यावर. मृग निघायच्या आत आढं बसलं पाहिजे. एस्टिमेट झेडपीच्या इंजिनिअरकडं कन्नडमध्येच द्यावं लागेल. त्यात 'दुरुस्ती' आणि 'नवीन खोली' असे दोन वेगळे भाग करा, म्हणजे एकाला हरकत निघाली तर दुसरं अडकणार नाही.

आधी मात्र शिडी. प्रत्येक कैचीच्या दोन्ही टोकांचे फोटो काढा, खडूनं नंबर घालून, आणि स्क्रू-ड्रायव्हर कुठं किती आत गेला ते शेजारी लिहा. तेवढं आलं की लाकूड किती लागेल ते मी बसून काढून देतो.